‘जॉब नाही, दुसरं लग्न झालंय’ म्हणणाऱ्या एक्सकडून मुलाची पोटगी कशी मिळवायची : ठाणे-नवी मुंबईतल्या नवख्यांसाठी

डिव्होर्स होऊन काही वर्षं झाली, पोरं तुमच्याकडे आहेत, समोरच्याने दुसरं लग्न केलंय आणि पोटगीचं नाव काढलं की एकच टेप वाजते, जॉब गेला, हातात काही नाही, आणि आता मला या घरचंपण बघायचंय. मी वकील नाही. ठाण्याला कोर्ट नाक्यावर एका वकिलांकडे टायपिंग आणि ड्राफ्टिंग करते, दिवसभर अशीच अफिडेव्हिटं समोर असतात, त्यामुळे कोणाचं मॅटर कुठे अडकतं ते बसल्या जागी दिसत राहतं. पहिल्यांदा कोर्टाची पायरी चढणाऱ्यांना जे मी तोंडी सांगत असते तेच इथे लिहिते. बहुतेक केसेसमध्ये पोरं आईकडे आणि देणारा बाप असतो म्हणून तसं लिहिलंय, उलटं असेल तर त्यावर मध्ये वेगळं सांगितलंय.

सुरू करायच्या आधी

ही पोटगी मुलाची आहे, तुमची नाही. एवढं डोक्यात बसलं की अर्धी भांडणं गळून पडतात. त्याने दुसरं लग्न केलं म्हणून मुलाचा हक्क कमी होत नाही. तुम्ही दुसरं लग्न केलंत तरी मुलाचा हक्क जात नाही, तुमची स्वतःची पोटगी तेवढी बंद होऊ शकते. आणि घटस्फोटाच्या वेळी कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांच्या संमतीने लिहिलेल्या अटींमध्ये) ‘एकरकमी घेतले, यापुढे काही मागणार नाही’ असं लिहून दिलेलं असलं तरी आईने केलेल्या सहीने मुलाचा हक्क संपत नाही, कोर्टं हे सहसा मान्य करतात. म्हणून आपण तर लिहून दिलंय म्हणत घरी बसू नका.

बेरोजगारीचं काय? सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये अंजू गर्ग विरुद्ध दीपक कुमार गर्ग या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की धडधाकट माणसाने कष्टाची कामं करून का होईना बायको-मुलांना सांभाळायचं आहे, धंदा बंद पडला ही सबब चालणार नाही. कोर्ट फक्त पगाराची स्लिप बघत नाही, माणसाची कमवायची कुवत बघतं, म्हणजे शिक्षण, आधीचा अनुभव, आधीचा पगार, वय, तब्येत. इंजिनिअर माणूस ‘मी घरीच असतो’ म्हणाला म्हणून त्याची कमाई शून्य धरली जात नाही. पण याचा अर्थ आपोआप मोठा आकडा मिळतो असाही नाही. कुवत दाखवायचं काम तुमच्या कागदांना करावं लागतं, आणि बहुतेक लोक इथेच ढिले पडतात कारण सगळी ताकद ‘त्याने त्या बाईसाठी आम्हाला सोडलं’ यावर खर्च होते. अर्जात नवीन बायकोबद्दल पानंच्या पानं लिहून आणतात, मी टाइप करते आणि आमचे वकील साहेब त्यातलं निम्मं उडवतात, बरोबरच आहे ते. जज समोर बसून मुलाची फी किती आणि बाप किती कमवू शकतो एवढंच शोधत असतो.

पायरी १ : तुमचं मॅटर नेमकं कुठे आहे ते ठरवा

तीन प्रकार असतात. एक, पोटगीची ऑर्डर कधी झालीच नाही, तोंडी कबुलीवर चाललं होतं आणि आता बंद झालं. मग नवा अर्ज. दुसरा, ऑर्डर आहे पण पैसे येत नाहीत. मग नवा अर्ज करत बसू नका, वसुलीकडे चला, खाली आहे ते. तिसरा, ऑर्डर आहे पण रक्कम जुनी आहे, पोरगं तेव्हा बालवाडीत होतं आता आठवीत गेलं, किंवा उलट त्यानेच ‘नोकरी गेली, कमी करा’ म्हणून अर्ज टाकलाय. हे रक्कम बदलण्याचं मॅटर.

जुनी ऑर्डर सापडत नसेल तर आधी कोर्टातून सर्टिफाईड कॉपी काढा, नक्कल विभागात अर्ज करायचा. केस नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या ॲपवर पार्टीच्या नावाने शोधता येतं, आणि सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर मिळाला की तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, पुढची तारीख कधी हे विचारायला वकिलाला फोन करायची गरज राहत नाही.

पायरी २ : कोणत्या कायद्याखाली, कोणत्या कोर्टात

पूर्वी ज्याला सगळे ‘एकशे पंचवीस’ म्हणायचे ते १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालंय. पट्टेवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे अजून एकशे पंचवीसच म्हणतात, गोंधळू नका. १४५ मध्ये प्रक्रिया, १४६ मध्ये रक्कम बदलणं, १४७ मध्ये ऑर्डरची अंमलबजावणी. हे कलम सगळ्या धर्मांना लागू आहे. मुस्लिम बापावरसुद्धा मुलांच्या पोटगीची जबाबदारी याच कलमाखाली येते, तलाक झाला तरी, हे सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच नूर सबा खातून केसमध्ये सांगितलंय.

हिंदूंना याशिवाय दोन रस्ते आहेत. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६, ज्याखाली घटस्फोटाच्या डिक्रीनंतरही मुलांच्या ताब्यासाठी, शिक्षणासाठी, पालनपोषणासाठी परत कोर्टात जाता येतं. आणि हिंदू दत्तक व निर्वाह कायदा १९५६, त्याचं कलम २०. यात आई आणि बाप दोघांवर जबाबदारी आहे. म्हणून मुलं बापाकडे असतील आणि आईने दुसरं लग्न करून हात झटकले असतील तर बापाने या दोन कायद्यांखाली जावं, ते सरळ पडतं. तुम्ही दादा लोक विचारत असता म्हणून सांगितलं, तुमचाही हक्क आहे, लाजू नका.

आता कोर्ट कुठलं. तुम्ही जिथे राहता तिथे अर्ज करता येतो, तो नाशिकला गेला म्हणून तुम्हाला नाशिकला जायची गरज नाही. ठाणे शहरात कौटुंबिक न्यायालय आहे, इथल्या लोकांनी तिथे जायचं. नवी मुंबईवाल्यांनी मात्र जपून, कारण नवी मुंबई नावाला एक पण जिल्हे दोन. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर हा ठाणे जिल्हा. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा रायगड जिल्हा, त्यांचं पनवेल कोर्ट. खारघरच्या माणसाला सगळे बेलापूरला पाठवतात कारण ते शेजारच्याच स्टेशनावर आहे, आणि तिथे जाऊन कळतं की आपली हद्द नाही. अर्ज टाइप करायच्या आधी आधार कार्डावरचा पत्ता, भाडेकरार आणि पोलीस स्टेशन तपासून घ्या.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना आणि मुलांना तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. हेल्पलाइन १५१००. आणि महाराष्ट्रात पोटगीच्या मॅटरमध्ये बायकांना कोर्ट फी माफ आहे, हे न सांगता फीच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर पावती मागा. चेहरे बदलतात.

पायरी ३ : मुलाच्या खर्चाचा तक्ता

इथे वेळ घालवा, मी तर म्हणते एक अख्खा रविवार घालवा. बहुतेक लोक अर्जात ‘मुलाच्या पालनपोषणासाठी दरमहा २५,००० मिळावेत’ असा गोल आकडा टाकतात आणि समोरचा वकील पहिल्याच फटक्यात विचारतो, पंचवीस कसे? तेव्हा उत्तर नसतं.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी आहेत. कळव्याला राहणारी आई, सातवीतला मुलगा, आजी सोबत. शाळेची फी वर्षाला ४८,००० म्हणजे महिन्याला ४,०००. व्हॅन १,५००. क्लास १,८००. खाणंपिणं ५,०००. कपडे, बूट, वह्या, सगळं मिळून १,०००. डॉक्टर-औषध ८००. घरभाडं १८,००० आहे, तीन माणसं राहतात, त्यातला मुलाचा वाटा ६,०००. लाईट, गॅस, नेट यातला वाटा १,०००. झाले २१,१००. भाड्यातला वाटा टाकायचं नव्वद टक्के लोक विसरतात, आणि तोच सगळ्यात मोठा आकडा असतो बघा.

आता आई महिन्याला २४,००० कमावते आणि बापाचा शेवटचा पगार ४२,००० होता. दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटणी केली तर बापाचा वाटा साडेतेरा हजाराच्या आसपास येतो. ही कमाईच्या प्रमाणात वाटण्याची पद्धत मी मनाने काढलेली नाही, आई कमावती असेल तर मुलाचा खर्च दोघांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलायचा असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. ‘पगाराच्या २५ टक्के मिळतातच’ हे जे लोक सांगत फिरतात ते २०१७ च्या एका निकालातलं आहे आणि तो बायकोच्या पोटगीबद्दल होता, मुलांसाठी असा काही ठरलेला टक्का कायद्यात नाही. जज तुमचं गणित जसंच्या तसं घेईल असं नाही, पण गणित समोर असलं तर तो त्यातून कापतो, नसलं तर स्वतःच्या अंदाजाने देतो, आणि अंदाज नेहमी कमीच असतो.

प्रत्येक ओळीला कागद हवा. फीची पावती, व्हॅनवाल्या काकांचे यूपीआयचे एंट्री, क्लासची पावती, भाडेकरार, औषधांची बिलं. व्हॅनवाला पावती देत नाही हे मला माहितीये, पण दर महिन्याला एकाच नंबरवर तेवढेच पैसे गेलेले बँक स्टेटमेंटमध्ये दिसतात ना, ते हायलाइट करून लावा. आणि खर्च फुगवू नका. एका तक्त्यात आठ वर्षांच्या पोरीचं पार्लर महिना २,००० लिहिलेलं होतं, समोरच्या वकिलाने उलटतपासणीत फक्त त्यावरच अर्धा तास काढला आणि बाकीच्या खऱ्या खर्चांवरही पाणी पडलं.

पायरी ४ : त्याचं उत्पन्न शोधणं

बेरोजगार म्हणवणारा माणूस खात काय असतो, राहतो कुठे, गाडीत पेट्रोल कोण घालतं, या प्रश्नांची उत्तरं कुठेतरी उघड्यावर पडलेली असतात. सरकारी साइटवर बसल्या बसल्या काय बघता येतं सांगते.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साइटवर फ्री सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, निघतो, त्यात गेल्या काही वर्षांत त्याने फ्लॅट घेतला का, विकला का, कोणाला बक्षीसपत्र करून दिला का ते दिसतं. गावाला जमीन असेल तर महाभूलेखवर सातबारा आणि आठ-अ बघा, वडील गेल्यावर वारस नोंद लागली असेल तर त्याचं नाव येतं, आणि हे लोक सोयीस्करपणे विसरतात. आमच्याकडे साताऱ्याकडची बागायत निघाली होती एकाची, अफिडेव्हिटमध्ये स्थावर मालमत्ता ‘निरंक’. नवी मुंबईत बरेच जण नोकरी सोडून इस्टेट एजंट होतात, महारेराच्या साइटवर रजिस्टर्ड एजंटांची यादी शोधता येते. जीएसटीच्या साइटवर पॅन टाकून रजिस्ट्रेशन आहे का बघता येतं, जुन्या कागदात त्याचा पॅन तुमच्याकडे असतोच. कंपनीत डायरेक्टर असेल तर कंपनी खात्याच्या साइटवर.

सोशल मीडियावर त्याने स्वतः पब्लिक टाकलेले फोटो, गोव्याची ट्रिप, नवी बाईक, बिझनेसची जाहिरात, याचे स्क्रीनशॉट तारखेसकट घ्या. नुसते प्रिंट काढून लावले की समोरचा ऑब्जेक्शन घेतो, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, त्याचा ठरलेला फॉर्म आहे, भाग ‘अ’ तुम्ही भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. आणि ज्या फोनवर ते आलं तो फोन विकू नका, मेसेज डिलीट करू नका.

काय करायचं नाही तेही ऐका. त्याच्या ईमेलचा जुना पासवर्ड आठवतोय म्हणून आत शिरू नका. फेक अकाउंट काढून नव्या बायकोला रिक्वेस्ट पाठवू नका. बँकेतल्या ओळखीच्या माणसाकडून स्टेटमेंट काढू नका. पोटगी राहील बाजूला आणि तुमच्यावरच केस होईल.

जे तुम्हाला मिळत नाही ते कोर्टामार्फत मागवायचं. जुन्या कंपनीकडून राजीनाम्याचं पत्र आणि फायनल सेटलमेंट, पीएफ ऑफिसकडून सर्व्हिस हिस्ट्री, बँकेकडून स्टेटमेंट, यासाठी अर्ज देता येतो. राजीनामा मिळाला तर तारीख बघा. पोटगीची नोटीस मिळाल्यावर महिन्याभरात माणूस ‘वैयक्तिक कारणास्तव’ नोकरी सोडतो, तेव्हा त्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की तुम्हाला जास्त बोलावंच लागत नाही.

पायरी ५ : अर्ज आणि अफिडेव्हिट

४ नोव्हेंबर २०२० चा सुप्रीम कोर्टाचा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल तुमच्या वकिलाला माहीत असतोच, तुम्हीही नाव लक्षात ठेवा. त्यानंतर दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं अफिडेव्हिट देणं कंपल्सरी झालं, त्याचा नमुनाही निकालातच आहे. त्यात शिक्षण, नोकरी, इन्कम टॅक्स रिटर्न, सगळ्या खात्यांचे तीन वर्षांचे स्टेटमेंट, कर्ज, गाडी, घर, महिन्याचा खर्च, अवलंबून असलेली माणसं, सगळं भरायचं असतं. तुम्हालाही भरायचंय, तेव्हा तुमची शिकवणीची कमाई, आईवडिलांकडून येणारे पैसे लपवू नका. आधी दुसऱ्या कुठल्या कोर्टात पोटगीची ऑर्डर झाली असेल तर तीही सांगावी लागते.

खरी मजा त्याचं अफिडेव्हिट आलं की असते. वाचताना मी नेहमी उत्पन्नाचं पान आणि खर्चाचं पान एकत्र धरते. एकाचं असंच होतं, उत्पन्न निरंक, आणि दोन पानं पुढे महिन्याचा खर्च ३८,०००, त्यात बाईकचा हप्ता, दोन मोबाईल, नवीन बाळाचं डायपर-दूध आणि घोडबंदरच्या फ्लॅटचं भाडं. पैसे कुठून येतात या रकान्यात ‘मित्रांकडून उसने’. बरं, मित्र कोण, कधी दिले, खात्यात आले की रोख, याचं काही नाही. साहेबांनी ती दोन पानं वाचून दाखवली, मोठा काही युक्तिवाद केलाच नाही. जी गोष्ट फक्त त्यालाच माहीत असू शकते ती सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर असते, हे साक्ष कायद्यात आहे, जुन्यात कलम १०६ होतं, आता १०९. खोटं अफिडेव्हिट दिलं असं दाखवता आलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली अर्ज करता येतो, पण तो लगेच टाकू नका, मूळ मॅटर लांबतं. आधी पोटगी पदरात पडू दे.

नवी बायको कमावती असेल तर? तिच्या पगारातून तुमच्या मुलाला देण्याची जबाबदारी तिच्यावर नाही. पण ती घरभाडं आणि किराणा भागवत असेल तर त्याचा स्वतःचा खर्च कमी झाला, एवढा मुद्दा घेता येतो आणि तो घ्यावाच. नवीन मूल झालं असेल तर कोर्ट ते धरतं, रक्कम ठरवताना थोडं इकडेतिकडे होतं, पण पहिल्या मुलाचं शून्य होत नाही. घर तिच्या नावावर बक्षीस करून दिलं असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ३९ बद्दल वकिलाला विचारा.

पायरी ६ : अंतरिम पोटगी आणि तारखा

मूळ अर्जाबरोबरच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या, पोटगीचा अर्ज टाका, त्याच दिवशी. कायद्यात लिहिलंय की नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्जाचा निकाल लावावा. शक्यतो हा शब्द आहे तिथे, त्यामुळे खरंच ६० दिवस धरून बसू नका. रजनेश निकालात अफिडेव्हिटं आल्यावर चार ते सहा महिने म्हटलंय, ते जास्त खऱ्याच्या जवळ जातं.

अडकतं कुठे तर नोटीस बजावण्यात. बेलिफ जातो, दार बंद, ‘इथे राहत नाही’ असा शेरा. दुसरं लग्न झाल्यावर लोक पत्ता बदलतात, त्याच्या सोसायटीचं नाव, विंग, ऑफिसचा पत्ता, आईवडिलांचा पत्ता, सगळे द्या. नोटीस लागल्यावर तो वकील लावतो, मग ‘से’ म्हणजे लेखी उत्तर द्यायला वेळ मागतो, मग वकील आजारी. तुम्ही मात्र प्रत्येक तारखेला हजर राहा आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या नोंदीत) तुमची हजेरी लागली का बघा. तो येतच नसेल तर एकतर्फी हुकूम मागता येतो. नेहमी ऐकायला मिळतं की कोर्टात गेलं की वर्षं जातात, जातातच, पण रजनेशनंतर पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असं ठरलंय, म्हणजे तो जितका लांबवेल तितकी थकबाकी वाढत जाते. म्हणून अर्ज लवकर दाखल करा, कागद नंतरही लावता येतात.

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकाकडे पाठवतात. चिडून जाऊ नका. तिथे तडजोड होत असेल तर करा, पण लेखी, आणि त्यात तीन गोष्टी घाला : दर महिन्याची तारीख, दर वर्षी किती टक्के वाढ, आणि शाळेची फी त्याने थेट शाळेत भरायची की तुमच्या खात्यात द्यायची. वाढ लिहून घेतली नाही तर दर दोन-तीन वर्षांनी परत १४६ खाली अर्ज करत बसावं लागतं. पैसे खात्यावरच घ्या. तो रोख देतो म्हणाला तर नाही म्हणा, नंतर दिले-नाही दिले यावर कुस्ती होते.

पायरी ७ : ऑर्डर झाली पण पैसे नाहीत

कलम १४७ आणि १४४ मधल्या तरतुदींखाली वसुलीचा अर्ज. कोर्ट वॉरंट काढू शकतं, वस्तू जप्त होऊ शकतात, आणि तरी भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. जेलमध्ये जाऊन आला म्हणून थकबाकी माफ होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये कुलदीप कौर केसमध्ये सांगितलेलं आहे. माझं मत विचाराल तर वॉरंट निघेपर्यंत ताणा, कारण वॉरंट निघालं की ‘नसलेले’ पैसे बऱ्याचदा दोन दिवसांत उभे राहतात, भाऊ येतो, सासरा येतो. प्रत्यक्ष आत टाकून मात्र तुमच्या मुलाच्या हातात काही येत नाही.

एक गोष्ट लाल पेनने लिहून ठेवा. या वसुलीला एक वर्षाची मुदत आहे, पैसे ज्या तारखेला द्यायचे होते तिथून एक वर्षाच्या आत अर्ज हवा. देईल, देईल म्हणत दीड वर्ष थांबलात तर जुने महिने या रस्त्याने हातातून जातात. दर चार-पाच महिन्यांनी थकबाकीचा नवा अर्ज टाकत राहा, कंटाळा आला तरी.

ऑर्डर हिंदू विवाह कायद्याखाली किंवा निर्वाह कायद्याखाली असेल तर दिवाणी दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकायची. त्यात त्याला परत नोकरी लागल्याचं कळलं की पगार जप्ती मागा. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा थोडा भागच जप्त होतो, पण पोटगीच्या डिक्रीत फक्त एक तृतीयांश पगार त्याच्यासाठी सुरक्षित राहतो, बाकीच्यावर हात घालता येतो. हे सांगितलं की बरेच जण आपणहून ट्रान्सफर सुरू करतात, कारण ऑफिसात एचआरकडे कोर्टाचं पत्र गेलेलं कोणालाच नको असतं.

त्याची नोकरी खरंच गेली असेल तर

असंही होतं, कंपनी बंद पडते, ॲक्सिडेंट होतो. हे वाचणारे काही जण त्या बाजूचेही असतील. तुमच्यासाठी एवढंच, पैसे परस्पर बंद करू नका. नोकरी गेली की लगेच १४६ खाली रक्कम कमी करण्याचा अर्ज टाका, टर्मिनेशन लेटर लावा, नोकरी शोधताय त्याचे ईमेल लावा, आणि जमेल तेवढे, हजार असोत की दोन हजार, दर महिन्याला मुलाच्या आईच्या खात्यावर टाकत राहा. जोपर्यंत कोर्ट ऑर्डर बदलत नाही तोपर्यंत जुनीच रक्कम चढत राहते. गप्प बसलेला माणूस आणि थोडे का होईना भरणारा माणूस, जजला फरक कळतो. आणि समोरच्या ताईंनो, तो खरंच अडचणीत असेल आणि भरत असेल तर काही महिन्यांची कमी रक्कम पर्सिस (कोर्टात द्यायचं लेखी निवेदन) देऊन मान्य करायला हरकत नाही, मुदत मात्र घाला.

मुलाची भेट आणि पैसे

हे दोन वेगळे विषय. पैसे देत नाही म्हणून शनिवारची भेट अडवली की पुढच्या तारखेला तुमच्याविरुद्ध अर्ज येतो आणि पोटगीचं मॅटर मागे पडतं. तो भेटायला येत नाही किंवा त्याला भेटू दिलं जात नाही म्हणून त्याला पैसे थांबवता येत नाहीत, हेही तितकंच खरं. आणि पोराला निरोप्या करू नका, ‘पप्पांना सांग फी भरायचीये’ हे वाक्य घरात बंद.

अठरा वर्षांनंतर

१४४ खाली मूल सज्ञान झालं की पोटगी थांबते, शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचं भागवता येत नसेल तर पुढेही मिळते. मुलीचं वेगळं आहे. हिंदू निर्वाह कायद्याच्या कलम २० खाली लग्न न झालेल्या आणि स्वतःच्या कमाईवर भागवता न येणाऱ्या मुलीला अठरानंतरही बापाकडून मागता येतं, २०२० च्या अभिलाषा विरुद्ध प्रकाश केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलंय, पण तो अर्ज १४४ मध्ये न करता निर्वाह कायद्याखाली वेगळा करायचा आणि मुलीने स्वतःच्या नावाने करायचा. मुलगी सतरा पूर्ण करत असेल तर बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नका, वकिलाला आत्ताच विचारून कागद तयार ठेवा, कारण कॉलेजची फी जून-जुलैलाच भरायची असते.